कर्करोगानंतरचे जेवण आणि चालणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणा विद्वान पाहुण्यांनी बोलावयाचे आणि आपण ऐकावयाचे, ही आपली नेहमीची रीत. यंदा कार्यवाहबाईंनी मलाच उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, "अहो, मी डॉक्टर नाही की व्याख्याती नाही. चौतीस वर्षे लहान मुलांना पाढे शिकविलेली बाई मी. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात आपल्यातल्या दोघींना कर्करोग निघाला. काय खावे, काय वर्ज्य करावे, हिंडावे की पडून राहावे, असे त्या मला विचारतात. तुम्ही त्यातून गेला आहात. तुम्ही काय चुकलात आणि काय शिकलात तेवढेच सांगा." मग मात्र माझा नाइलाज झाला. चुका सांगावयाच्या असतील तर माझ्याजवळ पुष्कळ आहेत.

२०१८ सालची गोष्ट. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी न्हाताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. सुपारीएवढी होती, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी ती मनावर घेतली नाही. घरात घट बसावयाचे होते, माझे नऊ दिवसांचे उपास होते, पाहुणे यावयाचे होते. दसरा झाल्यावर सुनेला सांगितले. तिने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. फोटो झाला, तुकडा तपासला आणि स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. इथेच पहिली गोष्ट सांगून ठेवते. न दुखणारी गाठ ही साधी गाठ, असे समजू नका. ती दाखवावयास सणवार आड येऊ देऊ नका.

पुढे ऑपरेशन झाले. मग तीन-तीन आठवड्यांनी शिरेतून औषध, ज्याला सगळे किमो म्हणतात, त्याच्या आठ खेपा झाल्या. मग शेक दिला आणि नंतर पाच वर्षे रोज एक गोळी. हे उपचार डॉक्टरांनी केले आणि त्यांनीच मी वाचले. हे वाक्य मी मुद्दाम आधी म्हणते, कारण आता मी खाण्याबद्दल आणि चालण्याबद्दल बोलणार आहे, आणि ऐकताना कोणाला वाटू नये की खाण्याने किंवा चालण्याने हा रोग बरा होतो. माझ्या नात्यातील एका बाईने पहिल्या खेपेनंतर उपचार सोडून एका गृहस्थाचा रसाचा आणि काढ्याचा इलाज धरला. पुन्हा रुग्णालयात गेली तेव्हा वेळ निघून गेली होती. आहार आणि व्यायाम हे उपचाराचे सोबती आहेत, उपचार नव्हेत.

आता माझी पहिली चूक सांगते.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. फळे आणतो, नाही तर सल्ला आणतो. माझ्याकडे फळांपेक्षा सल्लेच जास्त आले. एकीने सांगितले, साखर विष आहे, गूळही नको. दुसरीने दूध बंद करविले. कोणी म्हणाले गहू नको, कोणी म्हणाले तूर वातूळ. कोणी गव्हांकुरांचा रस सांगितला, कोणी हनुमानफळाच्या पानांचा काढा. मोबाईलवर तर रोज सकाळी एक नवा पदार्थ वर्ज्य होत असे. ज्याने त्याने माझ्या ताटातला एकेक पदार्थ उचलून नेला, आणि शेवटी ताटात दुधीचा रस आणि भाज्यांचे गाळलेले पाणी एवढेच राहिले. त्यात माझे गुरुवार आणि चतुर्थी चालूच होत्या. उलट आता देवाला विसरून कसे चालेल, असे मला वाटे.

दीड महिन्यात माझे वजन अठ्ठावन किलोवरून बावन्नावर आले. तिसऱ्या खेपेला गेले तर रक्त कमी, अशक्तपणा इतका की खुर्चीतून उठताना सुनेचा हात धरावा लागे. डॉक्टरांनी खेप पुढे ढकलली. मी मनात म्हटले, बरे झाले, आठ दिवस सुटले. त्यांनी मात्र गंभीर होऊन सांगितले की ही औषधे वेळेवर जाणे फार महत्त्वाचे असते, आणि मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविले.

त्या बाई म्हणजे माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. मी पिशवीतून काय खाते आणि काय खात नाही याची यादी काढली. तिने ती बाजूला ठेवली आणि विचारले, "आजी, तुमच्या घरात शेवटी कोण जेवते?"

मी म्हटले, "मीच. का बरे?"

"आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला काय उरते?"

भगिनींनो, चौतीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. शेजारी बसलेल्या सुनेने मान खाली घातली. माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी माझी थोरली बहीण उभी राहिली. निफाड तालुक्यात तिला दिलेली. घरात दहा-बारा माणसे, शेतावर गडी. सगळ्यांचे झाल्यावर ती चुलीपुढे बसे. कोर अर्धी भाकरी, तव्यातला ठेचा आणि तळाचे कालवण. १९९४ साली ती गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली. तिला औषधपाणी केले, शेक दिला, नवस बोलले. पण त्या सात-आठ महिन्यांत "आज तू काय जेवलीस?" असे तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही. भेटावयास गेले की तीच उठून माझ्यासाठी चहा टाकी, आणि मी तो पीत असे.

तेव्हा आहारासंबंधी मी जे शिकले त्याचा आरंभ या प्रश्नापासून आहे. काय खावे हे नंतर. बाईने पोटभर आणि वेळेवर खावे, हे आधी.

त्या मुलीने मला काय समजावून सांगितले ते थोडक्यात सांगते. आजारात आणि औषधांच्या माऱ्यात शरीराची झीज होते, स्नायू वितळतात. ती झीज भरून काढावयास प्रथिने लागतात. आजाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. माझ्या वजनाला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. तिने माझ्या नेहमीच्या, आजारापूर्वीच्या जेवणाचा हिशेब मांडला. दोन्ही वेळच्या पोळ्या, मूठभर भात, पातळ वरण, भाजी आणि चहातले दूध, हे सगळे मिळून पस्तिशीच्या आतच राहिले! मी घरात इतरांची वाटी घट्ट वरणाने भरीत होते आणि स्वतः वरचे पाणी घेत होते, हे त्या हिशेबाने उघडे पडले.

मग आम्ही सासूसुनांनी घरातल्याच जिनसांचा तक्ता केला. सकाळी दुधातली नागलीची आंबील आणि एक उकडलेले अंडे; अंडे न खाणाऱ्यांनी पनीर घ्यावे. दुपारी दोन भाकऱ्या, पळी उभी राहील असे वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, एक वाटी दही, भाजी. चार वाजता मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. रात्री मुगाच्या डाळीचे धिरडे किंवा डाळ जास्त घातलेली खिचडी, आणि निजताना कपभर दूध. एवढ्यात साठ ग्रॅम सहज होतात. यात एकही जिन्नस परदेशातून आणावा लागत नाही की महागड्या डब्यातून काढावा लागत नाही. ज्यांना मधुमेह आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हा तक्ता आपल्या डॉक्टरांना दाखवूनच धरावा.

नागलीविषयी एक शब्द जास्त बोलते. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या आपल्याच डोंगराळ भागात ती पिकते, आणि आपण शहरात आल्यावर तिला गरिबाचे धान्य म्हणून सोडून दिले. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; गव्हा-तांदळात ते त्या मानाने फारच थोडे. स्तनाच्या कर्करोगावरच्या काही गोळ्यांनी हाडे विरळ होतात. माझी गोळी त्यांतलीच होती. तेव्हा नागली आमच्या घरी परत आली ती आलीच.

साखरेचेही सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरे आहे. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ते दाखवून दिले. पण म्हणून आपण चहातली साखर सोडली की त्या पेशी उपाशी मरतील, असे होत नाही. आपण भाकरी खाल्ली तरी शरीर तिची साखर करते, आणि काहीच न खाल्ले तर आपल्याच स्नायूंतून ती काढते. उपाशी आपणच मरतो. गोड बेताने खावे हे सर्वांनाच हितकारक. परंतु चमचाभर साखरेने रोग वाढला, असे म्हणून आजारी बाईला अपराधी करू नये.

तसेच एखादा पदार्थ अमृत आहे असेही नव्हे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन भाग केले. निम्म्या स्त्रियांना भाज्या, फळे, भाज्यांचा रस असा भरपूर आहार दिला, तर बाकीच्यांना साधा, नेहमीचा चांगला आहार सांगितला. सात वर्षांनी पाहिले तर दोन्हींकडे शेकडा सुमारे सतरा जणींना रोग उलटला होता. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. भाज्या खाऊ नयेत असा याचा अर्थ नव्हे. आपले पानातले डावे-उजवे नीट असेल तर पुरे, त्यावर आणखी रसाचे हंडे ओतावयाचे कारण नाही, एवढाच त्याचा अर्थ. हळदीचेही तेच. फोडणीतली हळद खुशाल खावी. पण हळदीच्या गोळ्या, काढे, भस्मे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. औषधाशी त्यांचे भांडण होऊ शकते.

किमो चालू असताना स्वच्छता मात्र सोवळ्याइतकी कडक पाळावी. त्या दिवसांत शरीराची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. पाणी उकळलेले, अन्न ताजे आणि गरम. चिरून ठेवलेली फळे, उघड्यावरची चटणी, पाणीपुरी नको. आपल्या नाशिकची मिसळ कितीही प्रिय असली तरी ती त्या महिन्यांत घरीच करावी, आणि तर्री बेताची. द्राक्षे घड सुटा करून, वाहत्या पाण्याखाली दोनतीनदा धुऊन खावी. आणि ताप शंभर पूर्णांक चार दशांश अंशावर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरचा काढा करीत बसू नये.

तोंड येते, चव जाते, अन्नाचा वास नको होतो. तेव्हा तीन मोठ्या जेवणांचा हट्ट सोडून सहा वेळा थोडे थोडे खावे. मऊ भात-दही, मुगाची पातळ खिचडी, आंबील, गार ताक हे घशाखाली उतरते. ज्यांना तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग आहे त्यांचे हाल याहून मोठे. त्यांना वजन टिकविणे हीच लढाई असते, आणि डॉक्टरांनी नळीतून अन्न द्यावयास सांगितले तर ते कमीपणाचे मानू नये. याच जागी हेही बोलते: आपल्यापैकी कोणी अजून मिशरी लावीत असेल, तर तिने आजपासून ती डबी बंद करावी. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

उपासाबद्दल बोलले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. मी घरी येऊन सासूबाईंना भीत भीत सांगितले की डॉक्टरांनी उपास सोडावयास सांगितले आहेत. त्या वेळी त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीचे मी बघते. तू जेव." त्या दिवसापासून त्या मला आधी पानावर बसवून स्वतः समोर बसून राहात. मी सून होऊन त्या घरात आल्यापासून सासूबाईंच्या आधी जेवल्याचे मला आठवत नव्हते. पहिले दोन दिवस घास उतरेना. साबुदाण्यात नुसते पीठ असते, प्रथिने जवळजवळ नाहीतच. तेव्हा आजाऱ्या बाईचा साबुदाण्यावरचा उपास म्हणजे तिच्या झिजेत भरच. ज्यांचा जीव अगदीच राहात नाही त्यांनी भगर, दाण्याची आमटी, दही, दूध असे घ्यावे, पण तेही डॉक्टरांना विचारून.

आता दुसरी चूक. ती पहिलीच्या उलट आहे.

ऑपरेशननंतर काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. रुग्णालयातल्या बाईंनी हाताचे व्यायाम शिकविले होते. भिंतीकडे तोंड करून उभे राहावयाचे, बोटांनी भिंतीवर मुंगीसारखे चढत जावयाचे, आणि हात जिथवर पोहोचेल तिथे पेन्सिलीने खूण करावयाची. मी चार दिवस केले. दुखू लागले तसे सोडून दिले. घरातले, शेजारचे, सगळे एकच म्हणत, "विश्रांती घ्या." मला कोणी तांब्या उचलू देईना. मी खेप पुरी होईपर्यंत पलंगावर, मग शेक संपेपर्यंत पलंगावर, मग सवय लागली म्हणून पलंगावर. भूक परतली होती. येणारीजाणारी शिरा, डिंकाचे लाडू आणीत होती. अकरा महिन्यांत बावन्न किलोंचे सदुसष्ट झाले! डावा हात खांद्यापर्यंतही जाईना. वेणी सून घाली. वलणीवरचा पदर ओढावयाचा तरी मला कोणाला तरी हाक मारावी लागे. रोग गेला होता, पण मी काही परत आले नव्हते.

मला त्या पलंगावरून कोणी उठविले? औषधाने नव्हे, उपदेशानेही नव्हे. आपल्या मंडळातल्याच, माझ्या गल्लीतल्या एक बाई एका सकाळी आल्या. नेहमीप्रमाणे बसल्या नाहीत, चपला काढल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "चला, दुधाच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ." मी पुष्कळ कारणे सांगितली. त्या तशाच उभ्या. शेवटी भिडेने उठले. दुकान दोनशे पावलांवर. वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. आठवड्याने कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, महिन्याने गंगापूर रोडच्या वळणापर्यंत, आणि सहा महिन्यांनी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही दोघी पाऊण तास चालत होतो. आजही चालतो.

किती चालावे? सर्वसाधारण नियम असा की आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा अर्धा तास, जरा झपझप. झपझप म्हणजे किती, तर चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, हातात अर्धा किलोची मुगाची पुडी धरून ती वरखाली करणे.

"पण त्या हाताने वजन उचलावयाचे नसते ना? हात सुजतो!" असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले होते, आणि पूर्वी डॉक्टरही तसेच सांगत. परंतु २००९ साली अमेरिकेत, ज्यांचे हात आधीच सुजलेले होते अशा १४१ स्त्रियांवर पाहणी झाली. शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून आरंभ करून हळूहळू वाढविले, तेव्हा सूज वाढली नाही. उलट दुखणे उसळण्याचे प्रकार कमी झाले आणि हाताला बळ आले. मात्र एकदम पाण्याची घागर उचलू नका. पुडीपासून आरंभ करा, आणि आधी कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. मी भिंतीवरच्या खुणा पुन्हा सुरू केल्या. त्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अजून आहेत. घराला रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी सुनेने सोडावयास लावली.

चालण्याने मन बरे वाटते, थकवा कमी होतो, झोप लागते, हे मी अनुभवाने सांगते. थकवा विश्रांतीने जात नाही, थोड्या श्रमाने जातो, हे मला आधी कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते. पण रोगावरही त्याचा परिणाम होतो का? जून २०२५ मध्ये याचे एक भरभक्कम उत्तर आले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला चांगल्या सवयींची पुस्तिका दिली. दुसऱ्याला तीन वर्षे व्यायामाचा मार्गदर्शक दिला, जो त्यांना चालवी आणि विचारपूस करी. पाच वर्षांनी पुस्तिकेच्या गटात शंभरातले चौऱ्याहत्तर रोगमुक्त होते, तर व्यायामाच्या गटात ऐंशी. आठ वर्षांनी पहिल्यात शंभरी त्र्याऐंशी हयात होते, दुसऱ्यात नव्वद. हे आतड्याच्या कर्करोगाचे झाले. सर्व कर्करोगांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही. पण पाहा, पुस्तिका दोघांनाही होती. फरक केला तो दाराशी येऊन "चला" म्हणणाऱ्याने.

आपल्याकडेही काम झाले आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगाभ्यासाची पाहणी केली. सोपी आसने, मध्ये मध्ये विसावा आणि प्राणायाम, असा तो अभ्यास होता. योग करणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी दिसले, असे त्यांनी २०२२ च्या सुमारास जाहीर केले. हा फरक पाहणीच्या मानाने लहान आहे, तेव्हा त्यावर मोठे मनोरे रचू नयेत. तरी दारात आलेली ही मदत आपण का नाकारावी?

टाटा रुग्णालयाचे नाव निघाले म्हणून सांगते. ते रुग्णालय १९४१ साली परळला उघडले, त्यामागे एका स्त्रीचे मरण होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे त्यांच्या पतीच्या संपत्तीच्या विश्वस्त निधीतून ते उभे राहिले. या मेहेरबाई स्त्रियांच्या मंडळांचे काम करीत, बालविवाहाविरुद्ध बोलत, आणि साडी नेसून टेनिस खेळत; बक्षिसेही मिळवीत. मला साडीवर बूट घालून ट्रॅकवर जावयाची लाज वाटे, तेव्हा ही हकीगत मला उपयोगी पडली. शंभर वर्षांपूर्वी एक बाई साडीत टेनिस खेळू शकते, तर मला साडीत चालावयास काय हरकत?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आम्हा सकाळच्या चालणाऱ्यांत आणखी एक बाई होत्या. त्यांनी सगळे नीट केले. वेळेवर जेवल्या, रोज चालल्या. तरी दोन वर्षांनी त्यांचा रोग हाडात उलटला. डॉक्टरांनी झपझप चालणे बंद केले, तेव्हा त्या हळूहळू येत. पुढे नुसत्या बाकावर येऊन बसत. त्या गेल्या तेव्हा कोणी तरी म्हणाले, "इतके चालून काय मिळाले?" मला ते फार लागले. रोग उलटला हा त्यांचा दोष नव्हता. त्यांना मिळाली ती दोन वर्षे मिळाली: स्वतःच्या पायांनी चाललेली, नातवाला शाळेत पोहोचविलेली, आमच्याबरोबर हसण्यात गेलेली. आजारी बाईने व्यायाम केला नाही म्हणून तिला बोलू नका, आणि केला तरी रोग उलटला म्हणून व्यायामाला बोलू नका. हाडांत रोग असेल, रक्त फार कमी असेल, ताप असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि ते सांगतील तेवढेच करावे.

आता शेवटी मंडळाकडे माझे तीन मागणे आहे.

पहिले, आपल्यातल्या कोणाला हा रोग निघाला तर भेटावयास जाताना सल्ला नेऊ नये. तिला एवढेच विचारावे, "आज काय जेवलात?" आणि डब्यात उसळ, धिरडी, घट्ट वरण न्यावे. पेढे नकोत. ती जेवेपर्यंत समोर बसावे.

दुसरे, मंडळात आपण भिशीची, आरतीची पाळी लावतो, तशी चालण्याची पाळी लावावी. आठवड्याच्या सहा दिवसांना सहा जणी. ज्या दोघींचा सुरुवातीला उल्लेख झाला त्यांच्या दाराशी रोज सकाळी एक जण उभी राहील, चपला न काढता. डॉक्टरांनी होकार दिला आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

तिसरे, हे आजारी बाईचेच नव्हे. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने पाहावे की आपल्या घरात शेवटी कोण जेवते. आपण असू, सासूबाई असतील, सून असेल, कामाला येणारी बाई असेल. उद्यापासून तिचे पान इतरांबरोबर मांडावे. माझ्या बहिणीचे पान मांडावयास मला उशीर झाला. तुम्ही करू नका.

सोमवारची पाळी माझी आहे. साडेसहाला मी मंडळाच्या फाटकाशी उभी असेन. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पट्ट्याच्या चपला किंवा बूट घालून यावे, आणि काही तरी खाऊन यावे.